बाईची किडनी

११ ऑक्टोबर
आजही पोट नाही थांबलं. मुरडा येतो, धावत जावं लागतं, मग घटकाभर बरं. बायकोला, रंजनाला, सांगितलं नाही. ऑपरेशननंतर नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, ताप आला, पोट बिघडलं, लघवी कमी झाली की त्याच दिवशी फोन करायचा. अंग कढत लागतंय. थर्मामीटर लावला नाही. लावला की आकडा दिसेल.

जिनिंगवर कापूस यायला लागला. पहिल्या वेच्याचा, ओलसर. मालकांनी मला यंदा यार्डातून काढून वजनकाट्याच्या खोलीत बसवलंय, काचेआड. किडनी बदललेल्या माणसाने रुईच्या धुळीत उभं राहू नये म्हणून. पण ग्रेडरचं काम काचेआडून होत नाही. कापूस मुठीत दाबल्याशिवाय काय कळणार? मास्क लावून मधून मधून बाहेर जातोच.

१३ ऑक्टोबर
लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

दुपारी यार्डात होतो. एका म्हाताऱ्याचा माल होता, अळीने पार खाल्लेला, अर्धी कवडी, म्हणजे किडका डागी कापूस. मी सांगत होतो, बाबा, हा वरच्या भावात नाही बसत. तो म्हणाला, अळीले मी बोलावलं काय? आणि तेवढ्यात. कळ आली न् आवरलं नाही. पँटीतून खाली, बुटापर्यंत. रांगेतलं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं. 

त्या म्हाताऱ्यानेच खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या कमरेला गुंडाळला, दंडाला धरून नळापाशी नेलं.  त्याच्या मालाला मी नुकतीच नावं ठेवली होती. पुढे त्याचा कापूस कोणत्या भावात गेला, मी विचारलंच नाही. मागच्या फाटकाने घरी आलो.

दुपट्टा धुताना दिसलं, रक्त पण आहे.

१४ ऑक्टोबर
रंजनाने वाळत घातलेला दुपट्टा पाहिला. कोनाचा हाय? सांगावं लागलं. ती चिडली नाही.  मग तिनेच नागपूरला फोन लावला. आजच या, म्हणाले.

हायवेवर दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्यांची रांग, निळे झेंडे, मागच्या ट्रकात बायका गाणी म्हणत होत्या. दरवर्षी आम्हीही असायचो त्यात. यंदा मला गर्दी बंद. विजय, म्हणजे रंजनाचा भाऊ, तिकडेच निघाला होता. वाट बदलून आम्हाला घ्यायला आला. चांगला माणूस. गाडीत माझ्या भाचीच्या, सोनूच्या सोयरिकीचं बोलत होता. वणीचं स्थळ त्यानेच आणलंय. पोराकडचे राजी आहेत, कापूस निघाला की साखरपुडा.

वाटेत माझ्या मोठ्या बहिणीचा, बाईचा फोन. सोनू तिचीच पोरगी, म्हणून वाटलं तेच बोलेल. तर नेहमीचंच, हसत हसत, “माही किडनी बरी हाय ना रे?” होळीच्या आधी तिची किडनी माझ्या पोटात बसवली, तेव्हापासून हाच तिचा जयभीम. मी म्हटलं, बरी हाय. गाडीच्या सीटवर रंजनाने प्लास्टिक अंथरलं होतं माझ्याखाली.

१६ ऑक्टोबर, नागपूर
खालून दुर्बीण घातली. त्याआधी पोट रिकामं करायला औषध. आणखी काय रिकामं करायचं राहिलं होतं कोण जाणे. कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी. दोन नर्सा माझ्या पोरीच्या वयाच्या असतील, मला पोरगी असती तर. काका, लाजू नका, म्हणाली एक. तेव्हाच जास्त लाज वाटली.

आतड्याला सूज, जागोजागी फोड फुटल्यासारख्या जखमा. तुकडा काढून तपासायला दिलाय. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात.

शेजारच्या खाटेवर आमच्याच जिल्ह्यातला एक पोरगेला शेतकरी. फवारणी करताना औषध डोळ्यात, नाकात गेलेलं. डोळ्यांवर पट्टी. त्याची बायको त्याला चमच्याने भात भरवत होती. माझ्यासाठी आधी एका माणसाची किडनी गेली, आता एक खाटही अडवली.

१८ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. विषाणू आहे. नाव लांबलचक, मॅडम नुसतं सीएमव्ही म्हणतात. त्यांनी नीट समजावलं. नवी किडनी शरीराने परकी समजून फेकून देऊ नये म्हणून गोळ्या देऊन माझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. ती दाबली की आत झोपून राहिलेले विषाणू उठतात. या विषाणूसाठी ऑपरेशननंतर काही महिने वेगळी गोळी होती, ती पावसाळ्याच्या तोंडाशी संपली. आता रोज सलाइनमधून इंजेक्शन, दोन-तीन आठवडे. आणि किडनी सांभाळणारी एक गोळी निम्म्यावर.

सगळं ठीक. पण संध्याकाळी शिकाऊ डॉक्टर आला, विजयने त्याला विचारलं, नेमकं झालं काय? त्याने सरळ मनाने सांगितलं, हर्पिसच्या घराण्यातला विषाणू आहे. विजय हो हो म्हणाला आणि मोबाइलवर ते नाव शोधत बाहेर गेला. परत आला तेव्हा माझ्याकडे बघेना.

१९ ऑक्टोबर
विजय सकाळीच वणीला, सोनूच्या स्थळाकडे गेला. मला न सांगता.

रंजना खाटेजवळ स्टूल ओढून बसली. आवाज अगदी खाली. “खरं सांगा. मी काही म्हननार नाही. विजय म्हनते, हा रोग बाहेर गेल्यानं होते. आपन हायवेच्या गावात राह्यतो. ट्रकवाल्यांचे ढाबे, कोन कुठं जाते काय माहीत.”

मी कुठेही गेलो नाही. कधीच नाही. पण ते सांगताना आवाज असा निघाला की माझाच मला खोटा वाटला. नाकात नळी नव्हती, तरी बोलणं अडखळत होतं. खाली डायपर बांधलेला. डायपर बांधलेल्या माणसाने बायकोला आपल्या चालीचं काय सांगावं?

मग मी म्हणालो, “बाईच्या किडनीतून आलं.”

मॅडम असं म्हणाल्या नव्हत्या. ऑपरेशनआधी बाईच्या रक्तात याची खूण निघाली होती एवढं मला आठवत होतं, तेवढंच धरून बोललो. रंजनाचा चेहरा एकदम सुटला. डोळे पुसले, मोसंबी सोलून दिली. बाहेर जाऊन विजयला फोन केला, तो मला ऐकू येत होता.

मला पण सुटल्यासारखं वाटलं. दुपारी गाढ झोपलो. हेही लिहून ठेवतो.

२१ ऑक्टोबर
राउंडला मॅडम एकट्या होत्या. विचारलं, हे बहिणीच्या किडनीतून आलं का? म्हणाल्या, “ते आता कोणीच सांगू शकत नाही. खूण तुमच्याही रक्तात आधीपासून होती. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो हा. आईच्या दुधातून, उष्ट्यातून, एकमेकांच्या लाळेतून. माझ्यातही असेल. यात कोणाचं काही वाईट नसतं.”

म्हणजे माझ्यातही आधीपासून होता. रंजना डबा घेऊन आली तेव्हा ओठावर आलं. ती परवापासून नीट बोलत होती माझ्याशी. उद्या सांगू म्हटलं.

२२ ऑक्टोबर
नाही सांगितलं.

२८ ऑक्टोबर
पोट बरंच थांबलं. रक्त नाही. आज वरणभात पचला. पण रक्तातलं क्रिॲटिनिन वाढलंय. ते वाढलं म्हणजे किडनी दमली. मॅडम म्हणाल्या, गोळी कमी केली की विषाणू हटतो पण शरीर किडनीवर उठतं, गोळी वाढवली की किडनी वाचते पण विषाणू उठतो. मधली जागा शोधतोय.

बाईचा रोज फोन यायचा. आठ दिवस झाले, नाही.

४ नोव्हेंबर
परवा घरी आलो. आज बाई आली, कळंबवरून दोन गाड्या बदलून. दारातच बसली, उंबऱ्याच्या बाहेर. ये ना आत, म्हटलं. नाही, बरं हाय इथं. ज्वारीचं पीठ आणलं होतं, ते सुद्धा रंजनाच्या हातात न देता खाली ठेवलं. पाणी दिलं तर वरून ओतून प्यायली.

ही बाई. माय गेली तेव्हा मी चालत पण नव्हतो. भाकर दुधात कुस्करून, आपल्या तोंडात मऊ करून मला भरवायची, असं आमची आत्या सांगायची. तिचा नवरा गेल्यावर एकटीने शेत केलं, सोनूला बारावी केलं. किडनीचं निघालं तेव्हा मी तिला मागितली सुद्धा नव्हती. स्वतःच नागपूरला येऊन म्हणाली, माहं घ्या.

इकडचं तिकडचं बोलली. अळीचं, मजुरांचं. मग जायला उठली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, “मले माहीत असतं माह्यात अशी घान हाय, तं मी देली नसती रे. तुले दुसऱ्याची चांगली भेटली असती.”

म्हणजे विजयकडून तिच्यापर्यंत पोचलं होतं. रंजना चौकटीत उभी होती. मी रंजनाकडे पाहिलं. आणि काहीच बोललो नाही. बाई रस्त्याच्या कडेकडेने स्टँडकडे गेली. तिला सोडायला पण गेलो नाही, डॉक्टरांनी बाहेर फिरू नको म्हटलंय ना.

५ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. ताप नाही. ताप असता तर बरं, काहीतरी कारण असतं.

९ नोव्हेंबर
सोनूचा फोन. मामा, तब्येत कशी हाय, असं विचारलं. मग म्हणाली, वणीवाल्यांनी निरोप दिलाय. आईचं आणि तिचं रक्त तपासून आणा, मग पुढचं बोलू. “मामा, आईले काय झालं हाय? ती सांगत नाही. वेगळ्या ताटात जेवते.”

विजयने सांगितलं असणार. त्याच्या हिशोबाने बरोबरच केलं. स्थळ त्याने आणलेलं, उद्या ठपका त्याच्यावर.

मी म्हटलं, मी पाहतो. काय पाहतो?

१० नोव्हेंबर
रंजनाला सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या, कधी म्हणाल्या. आणि मी तोवर काय बोलून बसलो होतो ते.

ती पीठ मळत होती. मळतच राहिली. शेवटी म्हणाली, “म्हनजे तुमी आपलं नाव वाचवलं, आन् बाईचं नाव माह्या तोंडून खराब केलं.” हो म्हटलं. “मी विचारलं ते चुकलंच माहं. पन मी तुमाले विचारलं होतं, बाईले नाही.” मग विजयला तिनेच फोन लावला, अंगणात जाऊन. बराच वेळ भांडत होती. आत आली, म्हणाली, विजय म्हणतो, आता मी कोनत्या तोंडानं परत जाऊ त्यायच्याकडे, भाऊजींनीच जावं.

१४ नोव्हेंबर
वणीला गेलो. मास्क लावून, एसटीत खिडकीशी. पोटाची धास्ती होती म्हणून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मुलाचे वडील एसटीतूनच निवृत्त झालेले, ड्रायव्हर. खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. मुलगा ड्युटीवर होता. मी आधी पाठ केलं होतं काय बोलायचं, ते सगळं विसरलो. सरळ सांगितलं. माझं पोट कसं गेलं, यार्डात काय झालं, दवाखान्यात बायकोने काय विचारलं आणि मी घाबरून काय ठोकून दिलं. बहिणीला रोग नाही. हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो, माझ्यासारख्या गोळ्या खाणाऱ्यालाच त्रास देतो.

ते म्हणाले, “मंग मलेबी हाय म्हनता?”

असेल, म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. चेहऱ्यावर दिसलं. मुलाची आई आतून म्हणाली, असं कोनी सांगायले येते काय, काहीतरी लपवत असन. चहा आला. मी मास्क खाली करून प्यायलो, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. निघताना वडील फाटकापर्यंत आले. पाहू, म्हणाले. एवढंच. पोराले विचारतो, असं पण म्हणाले नाहीत.

परतीच्या गाडीत वाटलं, आता बाईच्या गावाला न जाता हे निस्तरलं तर? वणीवाले हो म्हणाले तर बाईला कशाला सांगायचं? असं वाटलं खरं.

१७ नोव्हेंबर
बाईकडे गेलो. घरी सोनू होती. आई वावरात हाय म्हणाली, मला पाणी दिलं. वावरात पऱ्हाटी कमरेएवढी, पण बोंडं किडलेली. बाई दोन बायकांबरोबर वेचत होती, पोटाशी ओटी बांधलेली, कापसाने भरलेली. तिच्या टाक्यांची जागा त्या ओटीच्याच खाली येते. ओझं उचलू नको म्हणून सांगितलं होतं तिला. कोणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी. मी नाही.

बायका पुढच्या ओळीला गेल्या तेव्हा बोललो. उभ्यानेच. ती वेचत होती, मी तिच्या मागे मागे, सरीतून. सगळं सांगून झालं, वणीचं पण. ती वेचायची थांबली नाही. एक बोंड उघडलं, आत अळी निघाली, ती झटकली.

मग म्हणाली, “मले वाटे, मी तुले विष देलं. भाकर खाताना वाटे. वाटे, मायनं माह्या हातात देलेलं पोर मीच मारलं.”

बाई, म्हटलं.

“सोनूचं मोडलं तं मोडू दे. दुसरं पाहू. पन तू मले दारात बसलेली पाह्यलं, आन् असं वाटू देलं.”

 मला काहून केलं असंही विचारलं नाही तिने. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की घाबरलो होतो. मी बांधावर उन्हात बसून राहिलो. सोनूने मला स्टँडवर सोडलं. बाई घरी आली नव्हती तोवर.

२३ नोव्हेंबर
क्रिॲटिनिन आणखी वाढलं. पोट ठीक, विषाणू रक्तात जवळपास दिसत नाही म्हणाले, पण किडनी रागावलीय. सुईने तुकडा काढून बघणार. परवा बोलावलंय. कमी केलेली गोळी पुन्हा वाढवायची की नाही ते त्यावर.

किडनीला पोटावरून हात लावून बघतो कधी कधी. उजवीकडे, कातडीखालीच आहे. गेली तर बाईला काय सांगू? आधीच एवढं सांगून ठेवलंय.

वणीचा निरोप नाही. विजय येऊन गेला. माझ्याशी नाही, रंजनाशी बोलून.

२५ नोव्हेंबर, नागपूर
सकाळी स्टँडवर गेलो तर बाई बाकावर बसलेली. पिशवी मांडीवर. सोनूने तिला तारीख सांगितली असणार, सोनूला रंजनाने. बाई माझ्याशी बोलली नाही. रंजनाला म्हणाली, “तू राह्य घरी, मी जातो याच्यासंग.” गाडीत पुढच्या सीटवर बसली. नागपूरपर्यंत तिचा अंबाडाच पाहत आलो.

तुकडा काढला. दुखलं नाही फार. काही तास उताणं पडायचं, मग सोडतील. बाई खाटेजवळ बसून होती, पंख्याकडे बघत.

मॅडम आल्या, बाईला ओळखलं. म्हणाल्या, अरे वा, तुम्ही आलात. मग विचारलं, ऑपरेशननंतर तुमची तपासणी कुठे चालू आहे?

“माही कायले? मी बरी हाय.”

रक्त? लघवी? बीपी? कधीच नाही? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. एवढे महिने माझं रक्त, माझी लघवी, माझा ताप, माझी गोळी. घरात दोन माणसांचं ऑपरेशन झालं होतं. एकदाही कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं नाही.

तिथेच बीपी बघितलं. पुन्हा एकदा बघितलं, दुसऱ्या दंडावर. पायाला सूज येते का? येते, बाई म्हणाली, वावरात उभं राहून येते. मॅडमनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, खळगा पडला तो मला खाटेवरून दिसला. लगेच रक्त-लघवी द्यायला सांगितलं.

मॅडम गेल्यावर बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “एकच उरली हाय ना माही.” विचारत होती की सांगत होती, कळलं नाही. हो बाई, म्हटलं. 

२६ नोव्हेंबर
रात्री धर्मशाळेत राहिलो. सकाळपासून बाकावर बसलोय. माझ्या तुकड्याचा रिपोर्ट आज, तिचाही आज. तिने दशमी आणली होती, अर्धी मला दिली. मी खाल्ली. सोनूचा फोन आला तिला, वणीचं काही बोलल्या बहुतेक, नीट ऐकू आलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आत्ता आतून नाव पुकारलं. सवयीने मीच उठलो, फाइल घेऊन दारापर्यंत गेलो.

“माहं नाव घेतलं त्यायनं,” बाई म्हणाली. “तू बस.”

आत गेली. मी बरोबर येऊ का असं विचारायला हवं होतं. दार लागलंय. अजून आतच आहे.